एक छत्री, दोन टीव्ही आणि मधली डबी

आमच्या गावच्या घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा सगळं मोजूनमापून दोन ठिकाणी गेलं. पडवी आणि माजघर थोरल्या बंधूंकडे, मागच्या दोन खोल्या आमच्याकडे, कलमं निम्मी-निम्मी. विहीर सामाईक राहिली आणि स्लॅबवरची टीव्हीची छत्री सामाईक राहिली. विहिरीवरून आजवर कधी शब्दाला शब्द लागला नाही. छत्रीवरून लागला.

प्रकार असा, की रोज रात्री साडेदहाच्या सुमारास आमचा टीव्ही जायचा. पडदा काळा आणि त्यावर ‘नो सिग्नल’. सकाळी सातला आपोआप परत यायचा. पाऊस नव्हता, वारा नव्हता. चार दिवसांत आमच्या घरात असं ठरून गेलं की पलीकडून कुणीतरी मुद्दाम वायर काढतंय. पाचव्या दिवशी ही कुजबुज वहिनींच्या कानावर गेली आणि पुढचा आठवडाभर दोन्ही चुलींमधली वाटीची देवघेव बंद पडली.

मुद्दाम कुणी काही करत नव्हतं. थोरले बंधू शिस्तीचे. झोपायच्या आधी टीव्हीचा भिंतीवरचा स्विच बंद करायचा, हा त्यांचा नेम. आणि स्लॅबवरच्या छत्रीच्या दांड्यावर जे बोंड असतं त्याला, म्हणजे एलएनबीला, लागणारी वीज नेमकी त्यांच्याच सेटटॉप बॉक्समधून वर जात होती. त्यांनी स्विच बंद केला की वरचा एलएनबी मेला, आणि त्याच्याबरोबर आमचा टीव्हीही. दोष होता मधल्या डबीत, म्हणजे स्प्लिटरमध्ये. तो बदलल्यावर भांडण मिटलं.

एका छत्रीवर दोन टीव्ही चालवणारी घरं आपल्याकडे कमी नाहीत, विशेषतः डीडी फ्री डिशवर. २००४च्या डिसेंबरात ही सेवा ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झाली. महिन्याचं भाडं नाही, म्हणून दुसरा बॉक्स आणून जोडायला कुणाला विचारावं लागत नाही. जोडतानाच गडबडी होतात आणि मग मेकॅनिक येतो. तो आला की आधी स्लॅबवर चढून छत्रीला हात घालतो. माझं सांगणं त्याच्या बरोबर उलटं आहे. छत्रीला हात सगळ्यात शेवटी. बहुतेक वेळा दुखणं खाली असतं, हाताशी असतं आणि फुकटात सापडतं.

आधी त्या एका वायरीतून काय काय जातं ते नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल.

छत्री म्हणजे नुसता वाकवलेला पत्रा. आरशासारखी ती लहरी गोळा करते आणि दांड्याच्या टोकावरच्या बोंडावर टाकते. ते बोंड म्हणजे एलएनबी. खरं काम त्याचं. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५, नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडलेला, विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशाच्या डोक्यावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर आहे. तिथून येणारी लहर ११ हजार मेगाहर्ट्झच्या घरातली. ती तशीच वायरीत सोडली तर काही मीटरांतच वायर तिला गिळून टाकेल. म्हणून एलएनबी तिच्यातून ९७५० वजा करतो. उदाहरणार्थ ११०९० वर येणारा सिग्नल खाली येतो तो १३४० मेगाहर्ट्झ होऊन. हा आकडा लक्षात ठेवा, डबी विकत घेताना कामाला येणार आहे. शिवाय एलएनबी त्या सिग्नलची ताकद लाखपटीने किंवा त्याहूनही जास्त वाढवतो.

एवढं काम करायला वीज लागते आणि ती सेटटॉप बॉक्स त्याच वायरीतून वर पाठवतो. सिग्नल खाली येतो, वीज वर जाते. या विजेतच बॉक्सचा हुकूमही असतो. १३ व्होल्ट पाठवले तर एलएनबी उभ्या, म्हणजे व्हर्टिकल लहरी पकडतो. १८ पाठवले तर आडव्या, म्हणजे हॉरिझॉन्टल. आणि विजेवर २२ किलोहर्ट्झचा सूर चढवला तर ११७०० मेगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात जातो. साध्या एलएनबीला एका वेळी एकच हुकूम पाळता येतो.

म्हणूनच एका तोंडाच्या एलएनबीवर दोन बॉक्स लावणं सरसकट चालत नाही. फ्री डिशवर ते चालतं, कारण तिच्या वाहिन्या सगळ्या उभ्या लहरींवर आणि खालच्या पट्ट्यात आहेत. दोन्ही बॉक्स एलएनबीला एकच गोष्ट सांगतात, १३ व्होल्ट आणि सूर नको. एकमत असलं की सामाईक कारभार चालतो. ज्या खासगी सेवेच्या वाहिन्या उभ्या आणि आडव्या दोन्हींवर वाटलेल्या असतात तिथे साध्या डबीने भागत नाही. एका खोलीत कुणी आडव्या लहरींवरची वाहिनी लावली की बॉक्स १८ व्होल्ट पाठवतो, जास्तीचा व्होल्ट जिंकतो आणि दुसऱ्या खोलीतल्या उभ्या वाहिन्या जातात. तिथे दोन तोंडांचा एलएनबीच हवा. त्याच्याकडे शेवटी येतो.

आता डबी.

गावातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात ‘स्प्लिटर द्या’ म्हटलं की काऊंटरखालून जी पहिली डबी निघते ती बहुधा केबल टीव्हीची असते. दिसायला हुबेहूब, धातूची, एक तोंड आत आणि दोन बाहेर. पण अंगावर बारीक अक्षरांत ‘५-१००० मेगाहर्ट्झ’ असं काहीतरी छापलेलं असतं. आपला सिग्नल १३४० वर आणि त्याहून वर. म्हणजे ही डबी त्याच्यासाठी बनलेलीच नाही. गंमत अशी, की कधी कधी तिच्यातून थोडंफार निसटून येतं. मग दहा वाहिन्या दिसतात, बाकीच्या चौकोन चौकोन होऊन अडखळतात आणि माणूस छत्री हलवायला वर जातो. डबी हातात घेऊन आकडा वाचा. २३००, २४०० किंवा २५०० पर्यंतची हवी. सॅटेलाइट स्प्लिटर म्हणून मागा.

दुसरी गोष्ट विजेची. केबलच्या पुष्कळशा डब्या वीज वर जाऊच देत नाहीत, त्यामुळे दोन्ही टीव्ही ठार बंद राहतात. सॅटेलाइटच्या डब्यांतही दोन जाती आहेत. एका जातीत बाहेरच्या दोन तोंडांपैकी एकाच तोंडातून वीज वर जाते. त्या तोंडाशी ‘पॉवर पास’ किंवा ‘डीसी पास’ असं लिहिलेलं असतं, नाहीतर आतल्या जोडणीची रेघ काढलेली असते. आमच्याकडे हीच होती आणि वीज जाणारं तोंड थोरल्यांच्या वाटणीला आलेलं होतं. दुसऱ्या जातीत दोन्ही तोंडांतून वीज जाते, आणि एका बॉक्सची वीज दुसऱ्या बॉक्समध्ये घुसू नये म्हणून आत डायोड असतात. दोन घरांसाठी, किंवा एकाच घरातल्या दोन खोल्यांसाठीही, ही दुसरी घ्या. दोनपैकी कुठलाही एक बॉक्स चालू असला तरी एलएनबी जागा राहतो.

आणि एक. पुष्कळ बॉक्स रिमोटने बंद केले, म्हणजे नुसता लाल दिवा राहिला, तरी वर वीज पाठवणं थांबवतात. त्यामुळे ‘आम्ही मेन बंद करतच नाही’ हे खरं असूनही दोष तोच असू शकतो.

डबीने सिग्नल निम्मा होतो हेही खरं. हिशेबाने ३ डेसिबल, आणि प्रत्यक्षात साधारण ४ डेसिबल जातात. पण म्हणून लगेच बूस्टर आणायला धावू नका. बूस्टरची सवय आपल्याला जुन्या ॲन्टेनाने लावली. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबईत दूरदर्शन सुरू झालं. पुढे कौलांवर बांबूला बांधलेले ते माशाच्या काट्यासारखे ॲन्टेने आले आणि ‘आलं का?’ ‘आलं, आलं… गेलं!’ हा संवाद घरोघरी ऐकू येऊ लागला. त्या ॲन्टेनाच्या टोकाशी ताकद वाढवणारं काही नव्हतं. आलेला इवलासा सिग्नल दोघांत वाटला की दोघांच्याही पडद्यावर मुंग्या. इथे तसं नाही. एलएनबी वाटपाच्या आधीच सिग्नल लाखपट करून देतो. चांगल्या आरजी-६ वायरीत १५ मीटरला ४-५ डेसिबल जातात, डबीत ४. या दोन्हींनंतरही बॉक्सला पुरून उरेल इतकं शिल्लक असतं. डबी लावल्याबरोबर चित्र तुटत असेल तर मूळचाच सिग्नल काठावर होता, किंवा डबी चुकीची आहे, किंवा कनेक्टर नीट बसलेला नाही. बूस्टर यातलं काहीच दुरुस्त करत नाही. वाईट सिग्नल तो मोठ्याने वाईट करतो.

आता प्रत्यक्ष बिघाड कसा शोधायचा ते. पाना हातात घेण्याआधी घरातल्यांना तीन गोष्टी विचारा. दोन्ही टीव्ही गेलेत की एकच? एक गेला तेव्हा दुसरा चालू होता की बंद? सगळ्याच वाहिन्या गेल्यात की काही? ही उत्तरं दहा मिनिटांत मिळतात आणि स्लॅबच्या चार खेपा वाचवतात.

दोन्ही टीव्ही एकाच वेळी गेले असतील तर दोष दोघांच्या सामाईक भागात आहे, म्हणजे डबी, डबीपासून वर जाणारी वायर, एलएनबी किंवा छत्री. एकच गेला असेल तर वरच्या कुणाला दोष देऊ नका. डबीचं त्या बाजूचं तोंड, तिथून त्या टीव्हीपर्यंतची वायर, तिची दोन टोकं आणि तो बॉक्स एवढंच तपासा. एक टीव्ही दुसऱ्यावर अवलंबून येत-जात असेल तर ती विजेची गोष्ट आहे, वर सांगितलेली.

मग अदलाबदल. डबीची बाहेरची दोन टोकं एकमेकांच्या जागी लावा. दोष दुसऱ्या टीव्हीकडे गेला तर डबीचं ते तोंड खराब. दोष ज्याच्या त्याच्याकडेच राहिला तर त्याची वायर किंवा बॉक्स. मग बॉक्स बदलून बघा, चांगला बॉक्स वाईट वायरीवर लावा. तो तिथे चालला तर बॉक्स गेला, नाही चालला तर वायर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम मोडू नका. मी एकदा घाईत डबी, कनेक्टर आणि बॉक्स तिन्ही एकदम बदलले. टीव्ही लागला, पण कशामुळे ते कळलं नाही, आणि चांगला कोणता नि वाईट कोणता हे न कळल्याने तिन्ही जुन्या वस्तू आजही एका पिशवीत पडून आहेत.

डबीवरच संशय असेल तर तिला सरळ बाजूला काढा. दोन्ही टोकांना कनेक्टर असलेल्या वायरी जोडायला लहानसा पितळी जॉइंटर मिळतो, तो एक घरात असावाच. वरून आलेली वायर आणि एका टीव्हीकडे जाणारी वायर त्याने जोडा. टीव्ही लागला तर डबी फेका. नाही लागला तर दोष वरच्या वायरीत किंवा एलएनबीत आहे, आणि आता मात्र वर जावं लागेल.

जाण्याआधी बॉक्सच्या मेनूत सिग्नलचा पडदा उघडा. तिथे दोन पट्ट्या असतात, एक ताकदीची आणि एक क्वालिटीची. लोक पहिली बघतात. बघायची दुसरी. एलएनबीला वीज मिळाली की ताकदीची पट्टी वर चढते, मग छत्री आभाळाकडे असो की भिंतीकडे. क्वालिटी येते ती बरोबर उपग्रहाचा सिग्नल ओळखीचा होऊन आल्यावरच. दोन्ही शून्य असतील तर वीज वर जात नाही किंवा वायर तुटली आहे. ताकद भरपूर आणि क्वालिटी शून्य असेल तर छत्रीचं तोंड हललं आहे, नाहीतर बॉक्समधली सेटिंग बिघडली आहे. क्वालिटी येते-जाते, नाचते, असं असेल तर कनेक्टर ढिला किंवा वायरीत पाणी. काही बॉक्स पडद्यावर एलएनबी शॉर्ट झाल्याचं स्वतःच सांगतात. ते दिसलं की बॉक्स ताबडतोब बंद करा आणि कनेक्टर उघडा.

कनेक्टरपाशी थोडं थांबू या, कारण माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त दुखणी या सुपारीएवढ्या वस्तूत सापडली आहेत.

आरजी-६ वायर कापली की मधोमध तांब्याची तार, तिच्याभोवती पांढरा फेसासारखा थर, त्यावर चांदीसारखा वर्ख, वर्खावर बारीक तारांची जाळी आणि सगळ्यांवर काळं किंवा पांढरं आवरण. बाहेरचं आवरण सोलताना जाळी कापू नका, ती मागे उलटी दुमडा. पांढरा थर कनेक्टरच्या आतल्या तळाशी बरोबर टेकला पाहिजे, आत राहता कामा नये. तार कनेक्टरच्या कडेबाहेर दोन-तीन मिलीमीटर यायला हवी. कमी असेल तर आत टेकत नाही, जास्त असेल तर बॉक्सच्या मागचं भोक बिघडवते. आणि आता डोळ्यांवर चष्मा चढवून बघा. जाळीचा एक केस, अक्षरशः एक केस, मधल्या तारेला चिकटला असेल तर १३ व्होल्टची तिथेच शॉर्ट होते. आमच्या शेजारी दोन दिवस बंद असलेला टीव्ही मी असा एक केस चिमट्याने काढून लावला आणि माझी गावात इंजिनिअर म्हणून कीर्ती झाली. ती मी खोडून काढलेली नाही.

फिरवून बसवायचे कनेक्टर सोपे, पण वर्षा-दोन वर्षांत ढिले होतात. दाबून बसवायचे टिकतात, त्यांना हत्यार लागतं. स्लॅबवरच्या, उन्हापावसातल्या टोकाला तरी दाबून बसवलेलाच लावून घ्या.

वर गेल्यावर पहिल्यांदा एलएनबीच्या मागचा कनेक्टर उघडा. मधली तार काळी किंवा हिरवट झाली असेल आणि जाळीवर पांढरी भुकटी असेल तर पाणी शिरलं आहे. नुसतं पुसून उपयोग नाही. वायर वीतभर मागे कापून बघा. आतही काळी असेल तर आणखी कापा, आणि पुरेशी उरली नाही तर वायर बदला. कोकणात चार महिन्यांच्या पावसात पाणी वायरीच्या आतून चालत चालत खाली बॉक्सपर्यंत आलेलं मी पाहिलं आहे. त्यावर उपाय साधा. एलएनबीपाशी वायरीला खाली झोल द्या, म्हणजे पाणी झोलाच्या तळाशी निथळेल, कनेक्टरकडे जाणार नाही. कनेक्टरवर टेप गुंडाळा ती खालून वर, कौलं जशी एकावर एक बसतात तशी, म्हणजे पाणी फटीत न शिरता वरून ओघळेल. आणि डबी स्लॅबवर उघडी ठेवू नका. घरात घ्या, अगदीच नाही जमलं तर पत्र्याखाली तोंडं खाली करून लावा.

वायर विकत घेताना खिशात लोहचुंबक ठेवा. मधली तार चुंबकाला चिकटली तर आत लोखंड, वर तांब्याचा मुलामा. सिग्नलला त्याने फारसं बिघडत नाही, कारण इतक्या वरची लहर तारेच्या पृष्ठभागावरूनच वाहते. पण वर जाणारी वीज अख्ख्या तारेतून जाते आणि लोखंडात तिला अडथळा जास्त. दहा मीटरला चालून जाईल. पडवीतून मागच्या खोलीपर्यंत, तिथून स्लॅबवर असं चाळीस मीटर करणार असाल तर पुरं तांबं मागा. मल्टिमीटर असेल तर वायरीच्या वरच्या टोकाला, मधली तार आणि जाळी यांच्यामध्ये १३ च्या आसपास व्होल्ट येतात का बघा. नऊ-दहा दिसले तर वीज वाटेत कुठेतरी मरते आहे.

एलएनबी स्वतःही बघा. त्याच्या तोंडावरची प्लास्टिकची टोपी उन्हाने फुटते. मग आत पाणी, कोळिष्टकं आणि कुंभारीण माशीचं मातीचं घर. ते छोटं मडकं नळीत बसलं की क्वालिटी खाली येणारच. टोपी फुटली असेल तर एलएनबी बदलावा, चिकटपट्टीने भागवू नये.

सेटिंगच्या चुका निराळ्या. बॉक्समध्ये एलएनबीची जात विचारलेली असते, तिथे ९७५०/१०६०० किंवा युनिव्हर्सल हवं. २२ किलोहर्ट्झ बंद किंवा ऑटो हवा. पोरांनी रिमोट चाळता चाळता तो चालू केला तर एलएनबी वरच्या पट्ट्यात जातो, आणि सामाईक जोडणीत त्या एका बॉक्सच्या चुकीने दोन्ही टीव्ही जातात. तसंच ब्लाइंड स्कॅनचं. एका बॉक्सवर तो लावला की बॉक्स उभ्या-आडव्या सगळ्या लहरी चाळतो, १३ चे १८ व्होल्ट करतो, आणि तेवढा वेळ पलीकडचा टीव्ही बंद पडतो. पलीकडे मॅच चालू असेल तर पुन्हा भांडण. स्कॅन करताना हाक मारून सांगावं हे उत्तम.

‘त्यांच्याकडे जास्त वाहिन्या दिसतात, आमच्याकडे कमी’ ही तक्रार मात्र सिग्नलची नसते. काही वाहिन्या एमपेग-२ मध्ये येतात, काही एमपेग-४ मध्ये. जुन्या बॉक्सला एमपेग-४ वाचता येत नाही. त्याला सोन्याची छत्री लावली तरी त्या दिसणार नाहीत, बॉक्सच बदलावा लागतो. आणि फ्री डिशवरच्या खासगी वाहिन्यांच्या जागा प्रसार भारती लिलावाने देते. त्यामुळे एप्रिलच्या सुरुवातीला वाहिन्या येतात, जातात, जागा बदलतात. त्या दिवसांत एखादी वाहिनी गेली तर आधी ऑटो स्कॅन करा.

आभाळाची दुखणी आपल्या हातात नाहीत, पण ओळखता यायला हवीत. मुसळधार पावसात सिग्नल जातो आणि पाऊस ओसरल्यावर येतो, हे नेहमीचंच. रिमझिमीतही जात असेल तर मात्र छत्री थोडी हललेली आहे, कारण काठावरचा सिग्नल तेवढ्यानेही तुटतो. दुसरं, मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सकाळी अकराच्या सुमारास काही मिनिटं टीव्ही जातो. त्या वेळी सूर्य बरोबर उपग्रहाच्या पाठीमागे येतो आणि छत्रीला उपग्रहाऐवजी सूर्याचाच गोंगाट ऐकू येतो. चहा घ्या, तोवर येतो.

आणि आता छत्री, जिला शेवटी ठेवलं होतं. माकडांनी लोंबकळून ती हलवली असेल, वाऱ्याने वळली असेल, किंवा कुणी वाळवणं घालताना धक्का लागला असेल. महाराष्ट्रातून हा उपग्रह आग्नेयेला दिसतो आणि तोही बराच उंच, क्षितिजापासून साधारण ५७ ते ६३ अंशांवर. म्हणजे छत्रीपेक्षा तीन मीटर उंच पाण्याची टाकी तिच्या पुढे साधारण दोन मीटरच्या आत बसवली तर ती आड येऊ शकेल, त्यापलीकडे असेल तर नाही. नवी टाकी किंवा शेजारच्या माडाच्या झावळ्या तेवढ्या तपासा. छत्री जेवढी वर बघते तेवढी ती वर बघताना दिसत नाही, कारण एलएनबीचा दांडा मुद्दाम खालच्या बाजूला काढलेला असतो. तेव्हा डोळ्यांच्या अंदाजाने वाकवू नका. हलवण्याआधी नटाभोवती खडूने किंवा मार्करने खूण करा, म्हणजे बिघडलं तर परत येता येईल. मग नट अगदी थोडे ढिले करून नखभर फिरवायचं, तीन-चार सेकंद थांबायचं, खालून क्वालिटीचा आकडा ओरडून सांगायला एक माणूस. आकडा सांगा म्हणावं, ‘आलं-गेलं’ नको. शेजारीच ९५ अंशांवर दुसऱ्या सेवेचा उपग्रह आहे, तिथे भरकटलात तर ताकद दिसेल आणि आपल्या वाहिन्या दिसणार नाहीत. सर्वांत चांगला आकडा मिळाल्यावर नट आवळा, आणि आवळताना आकडा पडत नाही ना तेही विचारा.

दोन घरांचे मीटर वेगळे असतील तर एक धोका ध्यानात ठेवा. वायरीच्या जाळीने दोन्ही घरांची विजेची यंत्रणा एकमेकींना जोडलेली असते. एका घरात अर्थिंग नसेल तर कनेक्टरला हात लावल्यावर बोटांना चुणचुण जाणवते. म्हणून डबी किंवा कनेक्टर उघडण्याआधी दोन्ही घरचे बॉक्स आणि टीव्ही भिंतीच्या प्लगातून काढा, नुसते रिमोटने बंद करू नका. चुणचुण रोजचीच असेल तर टीव्ही राहू द्या, आधी वायरमनला बोलवून अर्थिंग बघून घ्या. स्लॅबजवळून विजेची तार गेलेली असेल तर छत्रीचा पाइप हातात धरून तिथे फिरू नका. ढग गडगडू लागले की वायर बॉक्समधून काढून ठेवा, विजांच्या दिवसांत स्लॅबवर जाऊच नका.

हे सगळं करूनही कटकट संपत नसेल, किंवा मुळात वाटून घ्यायचा वैताग आला असेल, तर दोन तोंडांचा एलएनबी लावा. छत्री तीच, दांडा तोच. प्रत्येक तोंडापासून एक स्वतंत्र वायर आपापल्या घरात. मध्ये डबी नाही, एकाच्या स्विचचा दुसऱ्याशी संबंध नाही, एकाने स्कॅन लावला तरी दुसऱ्याचं चित्र हलत नाही. खर्च एका एलएनबीचा आणि एका जादा वायरीचा. नवं घर बांधत असाल तर प्लास्टर होण्याआधीच स्लॅबपासून प्रत्येक खोलीपर्यंत पाइप टाकून ठेवा, पुढे भिंत फोडावी लागणार नाही.

आमच्याकडे अजून डबीच आहे, दोन्ही तोंडांतून वीज जाणारी. थोरले रात्री साडेदहाला स्विच बंद करतात आणि आमचा टीव्ही चालू राहतो. तुमच्याही घरी जुन्या डब्या असतील तर यंदा मृग लागायच्या आत एकदा वर जाऊन कनेक्टर उघडून बघा आणि टेप नवी लावा. भर पावसात ते होत नाही.